जंगलात एका दिवसासाठी चाललात? मग सॅक एका रात्रीची भरा

वासोटा, भीमाशंकर, अंधारबन, आंबोली, कुठेही जा, एका दिवसाच्या ट्रेकला आलेल्यांच्या सॅकमध्ये साधारण काय असतं, तर पाण्याची एक बाटली, वेफर्स, पॉवरबँक आणि फोटोसाठी जास्तीचा टीशर्ट. सगळं ठरल्यासारखं झालं तर तेवढ्यात भागतंही. पण आपल्याकडच्या जंगलात माणसं अडकतात ती बिबट्यामुळे क्वचितच, वाट चुकते, कुणाचा तरी पाय मुरगळतो, वेग निम्म्यावर येतो आणि अंधार पडतो, एवढंच पुरतं. म्हणून सॅक भरताना एकच प्रश्न विचारायचा: आजची रात्र इथेच काढावी लागली तर?

सुरुवात सॅकपासून नाही, घरापासून करायची. कुठून चढणार, कुठे उतरणार, कोण कोण सोबत आहे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे सगळं घरच्या एकाला मेसेज करून ठेवा. "भीमाशंकरला चाललोय" याला काही अर्थ नाही, खांडसवरून शिडी घाटाने की गणेश घाटाने ते सांगा, शोधायला येणाऱ्यांचा अर्धा दिवस वाचतो. अभयारण्य असेल तर परवानगीचं आधीच बघा. वासोट्याला बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडून कोयनेच्या जंगलात शिरावं लागतं, मुक्कामाला परवानगी नाही, म्हणजे परतीची बोट हीच तुमची डेडलाईन.

आता सॅक. आत आधी कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत भरा. रेनकव्हर वरून येणारं पाणी अडवतं, पाठीकडून झिरपणारं नाही, आणि पावसाळ्यात सॅक पाठीकडूनच भिजते. हीच पिशवी वेळ आली तर फाडून अंगावर घेता येते.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा, आणि मोबाईलचा टॉर्च हा उजेड धरायचाच नाही. उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि बॅटरी फोनसाठी लागते, तेव्हा हेडटॉर्च, तोही प्रत्येकाकडे एक, ग्रुपमध्ये एक नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो पण दाट झाडीत साडेपाचलाच पायाखालचे दगड दिसेनासे होतात. सेल वेगळे ठेवा, नाहीतर सॅकमध्ये बटण दाबलं जातं आणि संध्याकाळी टॉर्च मेलेला सापडतो.

पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबर हीट आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. टाक्यातलं किंवा ओढ्यातलं पाणी घ्यायचंच झालं तर क्लोरीनच्या गोळ्या हव्यात. ओआरएसची पाकिटं ठेवा, पण पाकीट कितीचं आहे ते वाचा, एक लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतायचं नसतं. खायला चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, आणि त्यातलं थोडं वेगळं बांधून "याला हात लावायचा नाही" असं ठरवून टाका.

कपड्यांमध्ये जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. फुल पँट, फुल बाह्या, ग्रिपवाले शूज. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालून निम्मा महाराष्ट्र सह्याद्री चढलाय, महागाचेच हवेत असं काही नाही. फुल बाह्यांचं महत्त्व पावसाळा संपल्यावर कळतं, खाजकुयलीच्या तपकिरी मखमली शेंगा वाटेवर लोंबत असतात आणि नुसता स्पर्श झाला तरी माणूस नाचायला लागतो. लागलीच तर खाजवू नका, चिकटपट्टी लावून ओढा, कुसं निघून येतात. म्हणजे चिकटपट्टी पण सॅकमध्ये आली. पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात जात असाल तर गोचिडींपासून जपा, तिथे गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेत, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

औषधांच्या डब्यात काय, तर रुंद क्रेप बँडेज, गॉज, बेटाडिन, बँडएड, पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, आणि ज्याची रोजची औषधं आहेत त्याची ती. सापासाठी मात्र डब्यात काही नसतं, तिथे माहितीच लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून दाखवायला नेण्यात वेळ घालवू नका. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, यातलं काहीही नाही. अंगठी, घड्याळ, बूट काढा, क्रेप बँडेजने काठी लावून हातपाय स्थिर करा (घट्ट आवळून नाही), माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करून थेट प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात. मांत्रिक-बिंत्रिक वाटेत आडवे येतात, थांबायचं नाही.

आग्या मोहोळासाठी एकच सामान आहे आणि ते घरी ठेवायचं, डिओ. परफ्युम आणि धूर दोन्हीने मधमाश्या उठतात. उठल्याच तर तोंड झाकून पळायचं, तेव्हा गळ्यात मोठा रुमाल असावा.

फोनमध्ये ऑफलाईन मॅप आणि जीपीएक्स ट्रॅक (मॅपवर वाट दाखवणारी फाईल) आधीच उतरवून घ्या, रेंज नसेल तिथे फोन फ्लाईट मोडवर टाका नाहीतर तो टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. शिट्टी घ्या. लांब तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. सोबत चांदीसारखा चकाकणारा इमर्जन्सी ब्लँकेट, घडी केला की रुमालाएवढा होतो.

भरायची पद्धत सांगतो. रात्रीचं सामान, म्हणजे कोरडे कपडे, ब्लँकेट, तळाला. पाणी पाठीलगत. औषधं, हेडटॉर्च, रेनकोट सगळ्यात वर. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला, आत कुठेही नाही, कारण घसरून पडलात तर सॅक उघडता येईलच असं नाही.

आणि कोयता, दोर असलं काही नको. दोर वापरता येत नसेल तर तो दोन किलोचं ओझं आहे, आणि अभयारण्यात हत्यार किंवा विस्तव नेलात तर वनखातं विचारणारच.

आदल्या रात्री भरलेली सॅक पाठीवर घेऊन बिल्डिंगचे जिने दोनदा चढून उतरा, कुठला पट्टा काचतो आणि हेडटॉर्च कुठल्या कप्प्यात गेला ते तिथेच कळेल.