इतिहासाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका

इतिहासाच्या पदवीला नुकताच प्रवेश घेतलेली मुलं वाचनाची यादी पाहूनच घाबरतात. एवढी पानं वाचायची कधी? सगळी वाचायची नसतातच. संशोधनपर पुस्तक हातात आलं की आधी प्रस्तावना वाचा, मग थेट समारोप, मग अनुक्रमणिका. लेखकाचं म्हणणं काय आणि तो कोणाचं मत खोडतोय, हे स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. ते जमलं की कोणतं प्रकरण सावकाश वाचायचं ते कळतं.

शाळेत १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पाठ केली की भागायचं. इथे एक इतिहासकार वर्गसंघर्षावर भर देतो, दुसरा राजसत्तेच्या कर्जबाजारीपणावर, तिसरा बदलत्या राजकीय विचारांवर. खरं कोण, हे ठरवण्याआधी प्रत्येकाने कोणती साधनं वापरली ते बघा. सरकारी हिशेब चाळणारा आणि त्या वर्षी गावोगावी लिहिल्या गेलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्या वाचणारा, दोघांना वेगळं चित्र दिसणारच. असा मतभेद सापडला की आनंद माना, कारण चांगल्या निबंधाचा विषय बहुतेकदा तिथेच असतो.

टिपणं काढताना पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा आणि लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर लगेच अवतरणचिन्हांत टाका. हे मी कळकळीने सांगते. दोन महिन्यांनी वहीतलं कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं लेखकाचं, हे खरोखर ओळखता येत नाही, आणि नकळत झालेली उचलेगिरीही उचलेगिरीच धरली जाते.