‘प्रश्न उद्भवत नाही’: आमदारांसाठी प्रश्न लिहायला शिकताना

आमदारांच्या कार्यालयात संशोधन सहायक म्हणून नुकत्याच लागलेल्या, किंवा लागू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्नांतला फरक, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) कधी द्यायची, कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी) कशाला म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ते नियमावलीत आहे, दोन दुपारी बसलात तर वाचून होईल. माझ्या पहिल्या नागपूर अधिवेशनात मला ज्याने रडवलं, ते मात्र तिथे लिहिलेलं नाही.

उद्योग, कामगार आणि ऊर्जा असे तीन विषय माझ्याकडे होते. मतदारसंघातल्या एका औद्योगिक वसाहतीत कारखाने एकापाठोपाठ बंद होत होते. मी दोनदा जाऊन आले होते. गेटला कुलूप, बाहेर झाडाखाली बसलेले कामगार, थकलेल्या देण्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. एका बाईंनी नवऱ्याची शेवटची पगारपावती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “साहेबांना सांगा, विचारा म्हणावं.” मी त्या रात्री प्रश्न लिहिला आणि पहिल्याच भागात सगळं घातलं. वसाहतीतले इतके कारखाने बंद पडले, त्यामुळे इतके कामगार बेकार झाले, हे वाढत्या वीजदरामुळे घडलं आणि उद्योजकांच्या संघटनेने अमुक तारखेला शासनाला निवेदन दिलं, हे खरे आहे काय? पुढे नेहमीची साखळी. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, त्यात काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

प्रश्न स्वीकृत झाला. तारांकित यादीत आला. त्या दिवशी सकाळी छापील उत्तर हातात पडलं:

“(१) हे खरे नाही. (२), (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही.”

दोन ओळी. मी ते उत्तर किती वेळा वाचलं ते आता सांगता येणार नाही. कारखाने बंद होते, मी कुलपं पाहिली होती. मग खरं कसं नाही?

याचं उत्तर मला आमच्या कार्यालयात अधूनमधून येणाऱ्या एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांनी दिलं. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी माझा कागद घेतला, पेन्सिलने प्रत्येक ‘आणि’खाली रेघ मारली आणि विचारलं, “यातली कुठली गोष्ट तू कागदाने सिद्ध करू शकतेस?” निवेदनाची पोचपावती होती, म्हणजे ती गोष्ट पक्की. बंद कारखान्यांचा आकडा मी वर्तमानपत्रातून उचलला होता, आणि सरकारी नोंदीत त्यातले काही ‘तात्पुरते बंद’ होते. कामगारांचा आकडा संघटनेचा, त्यात कंत्राटी धरलेले. आणि ‘वीजदरामुळे’ हे तर माझं मत. चार गोष्टी मी एका दोरीत ओवल्या होत्या. त्यातली एक तुटली की विभागाला संपूर्ण वाक्यच ‘खरे नाही’ म्हणता येतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही ठरत नाही. पहिला भाग पडला की पुढचे सगळे ‘असल्यास’ आपोआप पडतात, कारण मीच ते पहिल्यावर टांगले होते.

हे पुन्हा सांगते, कारण एवढी एक गोष्ट कळायला माझं एक अधिवेशन गेलं. ‘असल्यास’ हा शब्द लिहिताना थांबा आणि वरचा भाग नाकारला गेला तर हातात काय उरतं ते पाहा. काहीच उरत नसेल तर तो प्रश्न पाठवू नका. पहिल्या भागात एकच गोष्ट घाला, आणि तीही जिचा कागद तुमच्याकडे आहे ती: निवेदन, शासन निर्णय, पाहणी अहवाल, नोटीस. कारण आणि परिणाम एका वाक्यात जोडू नका. कारण विचारायचंच असेल तर वेगळ्या भागात, खुलं विचारा. तारखेबद्दल तिळमात्र शंका असेल तर ‘वा त्या दरम्यान’ हे तीन शब्द टाका. जुन्या प्रश्नांत ते सारखे दिसतात आणि मला ते उगाच घातलेलं पाल्हाळ वाटायचं. तारीख दोन दिवसांनी चुकली म्हणून अख्खा प्रश्न नाकारला जाऊ नये, यासाठी ते असतात. आणि किमान दोन भाग असे ठेवा जे कुठल्याही ‘असल्यास’वर अवलंबून नाहीत. किती घटक बंद असल्याची नोंद आहे? किती कामगारांची कायदेशीर देणी थकीत असल्याच्या तक्रारी आल्या, त्यांतल्या किती निकाली निघाल्या? ‘किती’ला ‘हे खरे नाही’ असं उत्तर देता येत नाही.

पण ‘किती’लाही एक पळवाट आहे, आणि ती साऱ्या देशाने पाहिली. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द करून घेतलेल्या संसदेच्या अधिवेशनात, लोकसभेत कामगार मंत्रालयाला विचारलं गेलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजुरांचे जीव गेले, आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का. लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात त्याच मंत्रालयाने आपापल्या राज्यात परतलेल्या मजुरांची संख्या मात्र दिली होती, १ कोटी ४ लाखांहून अधिक. परतलेले मोजले गेले होते, मेलेले मोजले गेले नव्हते. मी ते उत्तर वाचलं तेव्हा मला माझी दोन ओळींची छापील प्रत आठवली आणि पोटात तसाच गोळा आला.

त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला श्रमिक विशेष गाड्यांमधल्या मृत्यूंबद्दल विचारणा झाली, आणि तिथे आकडा मिळाला. राज्यांच्या पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार, ९ सप्टेंबर २०२० पर्यंत या गाड्यांमध्ये प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद होती. गाडीत मृत्यू झाला की पोलिसांत नोंद होते, पंचनामा होतो, कागद तयार होतो. ज्या दारात कागद तयार होतो त्या दारावर विचारणा गेली. मला हे कळल्यापासून मी कुठलाही प्रश्न लिहिण्याआधी वहीत एक ओळ लिहिते: ही गोष्ट कोण मोजतं, आणि कशासाठी मोजतं? नोंद ठेवायला ज्याच्याकडे स्वतःचं कारण आहे, त्याच्याकडे जा.

रोजगाराच्या प्रश्नांत तर हे फारच उपयोगी पडतं. ‘गुंतवणूक परिषदेतून किती रोजगार निर्माण झाले’ असं विचारलंत, तर उत्तरात सामंजस्य करारांतला अपेक्षित रोजगार येईल. आकडा मोठा, आणि त्याआधी ‘अपेक्षित’ हा एक छोटा शब्द. प्रकल्पाची वाट लांब असते: सामंजस्य करार, देकार पत्र (सवलती देऊ करणारं शासनाचं पत्र), जमीन, बांधकाम, उत्पादन, मग पात्रता प्रमाणपत्र आणि शेवटी प्रोत्साहनाची रक्कम. उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत पैसे सुटण्याआधी गुंतवणुकीचे आणि नोकऱ्यांचे पुरावे तपासले जातात. म्हणून प्रश्न करारांवर विचारू नका, पात्रता प्रमाणपत्रांवर विचारा. किती घटकांना प्रमाणपत्र दिलं, त्यांत प्रत्यक्ष किती कामगार, स्थानिक किती, प्रोत्साहन किती वितरित झालं. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याच्या अटीबद्दलही नुसतं ‘पालन होते काय’ विचारू नका, ‘होते’ असंच उत्तर येईल. पालन न केलेल्या किती घटकांचं प्रोत्साहन रोखलं, ते विचारा.

बेरोजगारीचा दर विचारण्याच्या भानगडीत विधानसभेच्या पातळीवर शक्यतो पडू नका. केंद्राचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून होतं, त्याचे आकडे प्रसिद्ध असतात, आणि जे छापील उपलब्ध आहे ते विचारण्यात प्रश्न वाया जातो. त्यातही ‘नेहमीची स्थिती’ (मागच्या वर्षभरातल्या कामावरून) आणि ‘चालू साप्ताहिक स्थिती’ (मागच्या सात दिवसांवरून) हे दोन दर वेगवेगळे असतात, आणि मंत्र्यांनी त्यातला सोयीचा वाचला तर आमदारांना जागच्या जागी उपप्रश्न सुचला पाहिजे. त्यासाठी त्यांच्या टिपणात दोन्ही दर लिहून ठेवा.

ऊर्जेचं सांगते. वीजदर का वाढवले असं शासनाला विचारलंत की उत्तर ठरलेलं: दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. ते बरोबरच आहे. आयोग १९९९ पासून आहे आणि २००३ च्या विद्युत कायद्याने दर ठरवण्याचं काम त्याचंच आहे. नवख्यांचे कितीतरी प्रश्न या भिंतीवर आपटून परत येतात. पण त्याच कायद्याचं कलम ६५ काढून वाचा. राज्य सरकारला कुठल्या ग्राहकांना अनुदान द्यायचं असेल तर ती रक्कम सरकारने आगाऊ भरायची असते. हे पूर्णपणे शासनाच्या अखत्यारीतलं आहे. २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. त्या विजेची रक्कम शासनाने वितरण कंपनीला कोणत्या महिन्यात किती दिली, थकीत किती, पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा निधीत) किती धरली, हे विचारता येतं आणि उत्तर द्यावंच लागतं. कलम १०८ खाली शासन आयोगाला धोरणात्मक निर्देश देऊ शकतं, ते दिले का, हेही विचारता येतं. कोळशाबद्दल मात्र केंद्राकडे बोट दाखवलं जाईल. तिथे महानिर्मितीने, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने, कोणत्या तारखेला किती मागणी नोंदवली एवढ्यापुरतं राहा.

आता थोडं कडक बोलते. मागच्या अधिवेशनातला प्रश्न घ्यायचा, जिल्ह्याचं नाव बदलायचं आणि पाठवून द्यायचं, हा मार्ग तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शिकवेल. वर ‘संख्या महत्त्वाची, सर्वाधिक प्रश्न विचारणारे आमदार म्हणून बातमी येते’ असंही सांगेल. ऐकू नका. संगणकाकडून दहा मिनिटांत पन्नास प्रश्न लिहून घेणारेही मी पाहिले आहेत, आणि त्या पन्नासांत माझ्या त्या पहिल्या प्रश्नासारखे ‘आणि’ ठासून भरलेले असतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, आणि तासाभरात त्यातले मोजकेच प्रत्यक्ष चर्चेला येतात. आपल्याकडेही यादी लांब आणि वेळ थोडा. एवढ्या दुर्मिळ जागेत पोकळ प्रश्न घालणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी थकलेल्या पगाराची जागा खाणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

गुरू कोणाला करायचं यावरही माझं मत ठाम आहे. ज्यांनी आयुष्यभर प्रश्नांची उत्तरं लिहिली, अशा माणसाला गाठा. उत्तर टाळायचे सगळे रस्ते त्यांना पाठ असतात. काकांकडून मी एका पावसाळ्यात जे शिकले ते मला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासात मिळालं नव्हतं. धोरणविषयक कार्यशाळा करा, वाईट नाहीत, पण आधी विधानमंडळाच्या ग्रंथालयात बसून जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचा. उत्तर आधी वाचा, मग प्रश्न. कुठल्या शब्दामुळे विभाग निसटला ते शोधा. वीसेक याद्या झाल्या की डोळ्यांना सवय होते.

आणि घाबरू नका. पहिलं उत्तर ‘हे खरे नाही’ आलं म्हणून काही संपत नाही. अर्धा तास चर्चा मागता येते, लक्षवेधी देता येते, पुढच्या अधिवेशनात नव्याने विचारता येतं. ‘हे अंशतः खरे आहे’ आलं तर ते सोनं समजा, कारण कोणता अंश खरा, हा पहिला उपप्रश्न तयार मिळाला. ‘माहिती घेण्यात येत आहे’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते आश्वासन धरलं जातं का ते पाहा आणि मंत्र्यांची आश्वासनं पुरी झाली का हे तपासणाऱ्या आश्वासन समितीकडे पाठपुरावा करा. लोकसभेची अशी समिती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते. लोक समित्यांना कमी लेखतात, मला ते पटत नाही. वितरण कंपनी असो की औद्योगिक विकास महामंडळ, सार्वजनिक उपक्रम समितीपुढे अधिकाऱ्यांना कागद घेऊन बसावं लागतं. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा ज्यांच्या चिकाटीने उभा राहिला, ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्या योजनेवर देखरेखीला विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे. मन खचलं की मी ते आठवते.

एक सावधगिरी राहिली. कामगारांचा वाद न्यायालयात असेल तर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ एवढंच उत्तर येईल. तेव्हा वादाच्या गुणदोषांवर न जाता विचारा की कामगार विभागाने किती तपासण्या केल्या, थकीत देण्यांचे किती वसुली दाखले दिले, किती रक्कम प्रत्यक्ष वसूल झाली.

पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मी तोच विषय पुन्हा लिहिला. पहिल्या भागात फक्त निवेदन आणि पोचपावतीची तारीख, वा त्या दरम्यान. मग तीन ‘किती’. वीजदराचा शब्दही नाही. उत्तर आलं, “(१) हे खरे आहे,” आणि सोबत घटकांच्या नावांचं विवरणपत्र, प्रत्येकासमोर थकीत रक्कम. मी त्याच्या प्रती काढून वसाहतीत नेल्या. त्या बाई आल्या होत्या. त्यांनी यादीवरून बोट फिरवत नवऱ्याच्या कारखान्याचं नाव शोधलं आणि ती प्रत पगारपावतीच्या पिशवीत ठेवली.