स्फोटाची गणितं कशी सोडवावीत: वेग कुठून मोजलाय ते आधी बघा

‘पहिल्या तुकड्याचं वस्तुमान गुणिले वेग बरोबर दुसऱ्याचं वस्तुमान गुणिले वेग, एवढं पाठ करा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वस्तू आधी स्थिर असेल आणि तुकडे दोनच होणार असतील, तेव्हाच ते चालतं. चालती वस्तू फुटली की हे सूत्र दगा देतं.

सुरुवात दोन चित्रांनी करा: स्फोटाच्या अगदी आधीचं आणि अगदी नंतरचं. मधे काय झालं त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आधीचा एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) बरोबर नंतरच्या सगळ्या तुकड्यांचा एकूण संवेग, हेच आपलं समीकरण. गुरुत्वाकर्षण बाहेरचं बल आहे, मग संवेग अक्षय्य कसा, ही शंका रास्त आहे. पण हिशोब करून पाहा: १० किलोच्या वस्तूवर साधारण १०० न्यूटन बल, स्फोट १ मिलिसेकंदाचा, म्हणजे संवेगात फरक ०.१ एककाचा. वस्तूचा संवेग ६० असेल तर तो सोडून द्यायला हरकत नाही.

एक दिशा धन ठरवा आणि चित्रावर बाण काढा. उलट दिशेचा वेग ऋण.

आता खरी मेख. १० किलोची वस्तू ६ मी/से वेगाने पुढे जातेय. ती फुटून ६ आणि ४ किलोचे तुकडे होतात, आणि ४ किलोचा तुकडा ‘दुसऱ्या तुकड्याच्या सापेक्ष १० मी/से वेगाने मागे’ फेकला जातो. पुढच्या तुकड्याचा वेग किती?

विद्यार्थी असताना मी बेधडक −१० घालायचो. ६० = ६व − ४०, म्हणून व = १६.६७. उत्तर दिसायला झकास, पण साफ चूक, आणि चूक कुठे आहे ते मला कितीतरी दिवस उमगत नव्हतं. समीकरण बरोबर, चिन्ह बरोबर, गुणाकार बरोबर. चुकत होतं ते एवढंच की ६ मी/से जमिनीवरून मोजलेला होता आणि १० मी/से धावत्या तुकड्यावरून. एका समीकरणात दोन मोजपट्ट्या.

म्हणून ‘सापेक्ष’ शब्द दिसला की समीकरणाला हात लावण्याआधी वेग जमिनीवर आणा. पुढच्या तुकड्याचा वेग व, तर मागच्याचा व − १०. मग ६० = ६व + ४(व − १०), म्हणजे १०व = १०० आणि व = १०. मागच्या तुकड्याचा वेग शून्य! ‘मागे फेकलेला’ तुकडा जमिनीवरून पाहिला तर त्या क्षणी जागच्या जागी थांबलेला आहे. हे पटत नसेल तर पुढे जाऊ नका.

आणि ‘कशाच्या सापेक्ष’ हेही वाचा. तोच १० मी/से फुटण्यापूर्वीच्या वस्तूच्या सापेक्ष दिला असता, तर मागच्याचा वेग ६ − १० = −४ आणि पुढच्याचा १२.६७ आला असता. दोन-तीन शब्दांनी उत्तर बदलतं. घाईत वाचणारे इथेच मार खातात.

वेग दुसऱ्या तुकड्याच्या सापेक्ष दिला असेल तर पडताळा सोपा आहे: आलेल्या दोन वेगांची वजाबाकी करा, दिलेला सापेक्ष वेग परत मिळाला पाहिजे. माझ्या जुन्या उत्तरात ती २६.६७ येते.

तुकडे वेगवेगळ्या दिशांना उडाले तर आडवा आणि उभा संवेग वेगळा लिहा. स्थिर वस्तूचे तीन तुकडे झाले आणि दोघांचे संवेग काटकोनात ३० व ४० असले, तर तिसऱ्याचा ५०, त्या दोघांच्या बेरजेच्या नेमका उलट.

तोफगोळा सर्वोच्च बिंदूवर फुटतो, तेव्हा ‘तिथे वेग शून्य’ असं लिहू नका. उभा वेग शून्य असतो, आडवा शाबूत असतो. ६०° कोनात ४० मी/से वेगाने सोडलेल्या गोळ्याचा तिथे २० मी/से वेग उरतो (हवेचा रोध सोडून). दोन समान तुकड्यांपैकी एक फुटल्याबरोबर स्थिर होऊन सरळ खाली पडला, तर दुसऱ्याचा वेग पुन्हा ४०.

गतिज ऊर्जा समान धरून समीकरण मांडणं मात्र कधीच नको. १० किलोच्या वस्तूच्या मूळ उदाहरणात (वेग १० आणि शून्य) ती १८० वरून ३०० ज्यूल होते. जादा १२० ज्यूल स्फोटकातून आले. स्फोटानंतर ऊर्जा कमी झालेली दिसली, तर पुन्हा दोन चित्रांपासून सुरुवात करा.