थंडीतल्या कोंबड्या: आधी नाक, मग गोणपाट

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की मी आधी आत डोकं घालून वास घेते. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, की समजायचं रात्री पडदे लावताना आपलं काहीतरी चुकलं. नुसता तुसाचा आणि कोंबड्यांच्या अंगाचा वास आला, तर रात्र बरी गेली. पारा किती उतरला होता ते नंतर चहा पिताना बघू.

आमचा मळा निफाड तालुक्यात. इथली थंडी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात आणि डिसेंबर-जानेवारीत तो आकडा राज्यभर छापून येतो. पाच-सहा अंशांचं आम्हाला नवल नाही. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून. अशा जागी मी २२ कोंबड्या आणि २ कोंबडे सांभाळते. बहुतेक गावरान, चार गिरिराज या जड जातीच्या. हजार पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं, त्यातलं मला विचारू नका. परसात दहा-वीस कोंबड्या असतील तर पुढचं वाचा.

थंडीने कोंबड्या मरतात असं मलाही वाटायचं. दुसऱ्याच हिवाळ्यात मी कांदाचाळीवरची ताडपत्री काढून खुराड्याला चारी बाजूंनी गुंडाळली, खालून विटा लावल्या, वरची फटसुद्धा चिंध्यांनी बुजवली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं तर आपण बाळंतिणीलाही बंद करत नाही." मी ऐकलं नाही. आठ दिवसांत पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लोंबायला लागले, खालचं तूस चिकट झालं, कोंबड्यांच्या डोळ्यांत फेस आला आणि रात्री घशातून घुरघुर ऐकू यायला लागली. तीन गेल्या. गुरांचे डॉक्टर आले, आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "ताई, ह्यांना थंडी नाही बाधली. ह्या गुदमरल्यात."

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. पिसं फुलवून ती स्वतःभोवती हवेची रजई करते. मोठ्या कोंबडीला कोरडी जागा मिळाली आणि अंगावर वाऱ्याचा झोत आला नाही, तर पाच अंशांत ती मजेत बसते. पण रात्रभर तिच्या श्वासातून आणि विष्ठेतून ओल बाहेर पडते. ती ओल जायला वाट नसेल तर विष्ठेतून अमोनिया उठतो. तोच तो झणका. त्याने नाक-घसा सोलवटतो आणि मग सर्दीचं निमित्त पुरतं.

म्हणून पडदे असे लावा. आमच्याकडे हिवाळ्यात वारा उत्तर-पूर्वेकडून येतो, त्या दोन बाजूंना दुहेरी गोणपाट. बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हातभर येईल एवढंच उंच. त्याच्या वर, पत्र्याच्या खाली, वीतभर जाळी चारी बाजूंनी उघडी राहू द्या. दक्षिणेची बाजू मी पूर्ण मोकळी ठेवते, कारण हिवाळ्यात ऊन तिकडूनच आत शिरतं. प्लॅस्टिकपेक्षा गोणपाट बरं, ते ओल आत कोंडून ठेवत नाही. सकाळी नऊला ऊन चढलं की पडदे गुंडाळून वर बांधायचे आणि दिवस मावळायच्या आधी सोडायचे.

पडदे बरोबर लागलेत का हे बघायला माझा एक उपाय आहे. रात्री एक उदबत्ती पेटवून कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीवर धरायची. धूर सावकाश वर जाऊन जाळीतून बाहेर पडला तर छान. आडवा पळाला तर कुठेतरी फट आहे, ती बुजवा. जागच्या जागी घोटाळत राहिला तर वर जागा मोकळी करा. उदबत्ती हातातच ठेवा, खोचून जाऊ नका. खाली तूस आहे.

दांडी लाकडाची हवी. लोखंडी पाइप रात्री बर्फासारखा होतो. मनगटाएवढी जाड आणि वरून जराशी चपटी असली की कोंबडी बोटांवर पोट टेकून बसते आणि पाय पिसांखाली झाकले जातात. गिरिराजसारख्या जड पक्ष्यांसाठी फूटभर उंची पुरे, नाहीतर उडी मारून तळपाय दुखावतात.

खाली भाताचं तूस. आमच्याकडे ते इगतपुरीकडच्या गिरण्यांतून येतं. उन्हाळ्यात तीन बोटं पुरतं, थंडीत मी सहा बोटांची गादी करते आणि आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालवर करते. ओल किती आहे हे मुठीत कळतं. मूठभर तूस घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर सुटं पडलं तर चांगलं, मुटका झाला तर ओलं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं रोज बघा, ओल तिथूनच सुरू होते. तेवढं उचलून फेका आणि नवीन घाला. थोडी चुन्याची भुकटी मिसळली तर चालते. कुणीतरी सांगितलं म्हणून मी एकदा पाटीभर टाकली आणि कोंबड्यांचे पाय लाल झाले, तेवढं करू नका.

चुलीची राख टाकून देऊ नका. जुन्या टायरमध्ये राख आणि कोरडी माती मिसळून उन्हात ठेवायची. दुपारी कोंबड्या त्यात लोळतात, पंखाखाली राख घेतात, उवा-पिसवा कमी होतात. चुलीत प्लॅस्टिक जाळलं असेल त्या दिवशीची राख मात्र नको.

खाण्याचं थोडक्यात. थंडीत त्या जास्त खातात, तेवढं धरून चाला. सकाळी बाजरी, तांदळाची कणी, घरातलं उरलंसुरलं, मुठभर लसूणघास. संध्याकाळी खुराड्यात जायच्या आधी कोंबडीमागे अर्धी मूठ भरडलेला मका. तो रात्रभर पचत राहतो आणि आतून ऊब देतो. अंधार पडल्यावर एखादीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून बघा, लिंबाएवढी भरलेली लागली पाहिजे. पाणी पहाटे कोमट द्या. गार पाण्याला त्या तोंड लावत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की खाणंही कमी होतं.

आमच्या भागापुरतं एक. बागेतल्या द्राक्षवेलींखाली कोंबड्यांना किडे भरपूर मिळतात आणि त्यांना तिथेच जायचं असतं. पण हे फवारणीचे दिवस. फवारणी झाली की मी चार-पाच दिवस त्यांना आवारातच कोंडते. शेजाऱ्यांनी कधी फवारलं हेही विचारून ठेवते, कोंबडीला सातबारा कळत नाही.

आता पिल्लं. थंडीत खरी मरतात ती हीच, कारण त्यांच्या अंगावर पिसांची रजईच नसते.

माझं मत विचाराल तर मार्गशीर्ष-पौषात पिल्लं काढूच नका. पण घरात खुडूक बसली आणि उठायचं नाव घेत नसेल, तर निदान अंडी कमी ठेवा. एरवी तिच्याखाली मी तेरा-चौदा ठेवते, थंडीत दहाच. कडेचं अंडं पोटाखाली येत नाही, गार पडतं आणि फुकट जातं. अंडी आठवड्याच्या आतली घ्या. पाटीत गव्हाचं काड घाला, घराच्या आतल्या भिंतीला पाटी ठेवा. आठव्या दिवशी रात्री मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नितळ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. आई असेल तर ऊब द्यायचं काम तिच्यावर सोडा, ती आपल्यापेक्षा चांगलं करते.

विकतची पिल्लं आणली असतील तर आई तुम्ही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंश कमी. त्यासाठी थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल करा, चौकोनी खोकं नको, कारण गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची दबून मरतात. तुसावर पहिले दोन-तीन दिवस गोणपाट अंथरा, म्हणजे ती तूस खाणार नाहीत. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. मधोमध बल्ब टांगा आणि पिल्लांकडे बघा. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर बल्ब खाली घ्या. लांब कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर वर घ्या. सगळीकडे पसरून काही खातायत, काही झोपलीत, आवाज बारीक, म्हणजे जमलं.

बल्ब पिवळा, तारेचा हवा. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या नव्या सूनबाईने पंचवीस पिल्लं आणली आणि वर नऊ वॅटचा एलईडी लावला. उजेड लख्ख, ऊब शून्य. रात्री अकराला "काकू, पिल्लं का ओरडतायत?" म्हणून दारात उभी. पिवळा बल्ब आता दुकानात पटकन मिळत नाही, तालुक्याला गेलात की दोन घेऊन ठेवा. मळ्यात सिंगल फेज वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून पाच लिटरचा तेलाचा डबा कढत पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून, गोणपाटात गुंडाळून गोलात ठेवायची तयारी असू द्या. दोन-तीन तास निभतात. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी मात्र कधीच ठेवू नका. निखाऱ्याचा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पिल्लं जातील, आणि तिथे झोपलेलं माणूसही जाईल.

लस थंडी पडायच्या आधी, कार्तिकातच उरकून घ्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की हिरवट-पांढरी हगवण लागते, मान पिरगळते आणि खुराडं रिकामं होतं. औषध नाही, लसच. पिल्लांना पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, आणि आठ आठवड्यांनंतर आर टू बी ही लस टोचून. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. माझ्या चोवीस पक्ष्यांसाठी कोण फोडणार? म्हणून आम्ही पाच वस्त्यांवरच्या बायका एकच दिवस ठरवतो, एक जण बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली घेऊन येते आणि सकाळीच घरोघर फिरून काम उरकतो. आजारी कोंबडीला लस देऊ नका.

थंडीत आमच्या तालुक्यात पाहुणे पक्षीही येतात. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या पाण्यावर हजारोंनी उतरतात, त्या जागेला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय. बघायला जरूर जा. पण तिथून आलात की चपला धुतल्याशिवाय खुराड्यात जाऊ नका आणि तिकडच्या पाण्यावर आपल्या कोंबड्या-बदकं सोडू नका. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. एकाएकी चार-पाच मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका. कोंबडीला नीट अंडी द्यायला चौदा तासांच्या वर उजेड लागतो आणि डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यात याच सुमारास जुनी पिसं झडून नवी येतात, खाल्लेलं सगळं तिकडे जातं. तेव्हा शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट द्या. दिवा लावून दिवस वाढवायचा असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी लावलात आणि एकदम बंद झाला, तर कोंबड्यांना दांडी दिसत नाही आणि त्या रात्रभर खाली गारठतात. मी लावत नाही. मार्गशीर्षात अर्धं गाव अंडी खात नाही, मग उगाच त्यांना कशाला जागवायचं?

संध्याकाळी साडेपाचलाच मोजून आत घ्या. उसात बिबट्या आहे आणि मुंगूस तर घरचंच. खालच्या दोन फुटांना बारीक जाळी आणि दाराला कडी, नुसता दोरा नको.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात, पण पडदे त्याच दिवशी उतरवू नका. एकेक बाजू करत आठ दिवसांत काढा. मग गोणपाटं झटकून दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि उंच दोरीवर टांगा. गेल्या साली मी घड्या घालून कांदाचाळीत ठेवली होती. कार्तिकात उलगडली तर मधल्या घडीत उंदराची सात पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. कोंबड्यांनी माझ्याआधी पाहिली.