मधुमेहात पोदेराचा पाव कसा खावा

गोव्यात घरात कोणाला मधुमेहाचे निदान झाले की पहिली चर्चा पावाची होते, कारण पोदेराच्या, म्हणजे घरोघरी पाव विकणाऱ्या बेकरीवाल्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकून दार उघडण्याची सवय एका दिवसात सुटत नाही. ती सोडण्याची गरजही सहसा नसते. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. तेव्हा पाव अंदाजाने न खाता मोजून खावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पोदेराच्या पावाला वेष्टन नसते, त्यामुळे त्यात काय व किती आहे हे कुठे छापलेले मिळत नाही. उंडे आणि कातरे पाव मैद्याचे असतात व रक्तातील साखर लवकर वाढवतात. पोई हा पावाचाच एक प्रकार, मुळात कोंडा असलेल्या गव्हाच्या पिठाची; परंतु आता मैद्याच्या गोळ्यावर वरून कोंडा लावलेली पोईही विकली जाते. म्हणून पोई फाडून आतली बाजू पाहावी आणि ती पांढरी दिसल्यास पोदेराला सरळ विचारावे.

त्यानंतर पाव घरच्या वजनकाट्यावर ठेवावा. पावाच्या वजनाच्या सुमारे निम्मी कर्बोदके असतात, म्हणजे ६० ग्रॅमच्या पोईत साधारण ३० ग्रॅम. कांकणे, म्हणजे बांगडीच्या आकाराचे कडक पाव, हलकी वाटतात, पण ती कोरडी असल्याने तेवढ्याच वजनात कर्बोदके अधिक भरतात. एका वेळी किती कर्बोदके चालतील, हे डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

पावासोबत काय खातो, यालाही तितकेच महत्त्व आहे. बटाट्याची पातळ भाजी आणि वर साखरेचा चहा घेतला, तर तिन्हींची साखर एकत्र चढते. त्याऐवजी चवळीचे किंवा मुगाचे तोणाक (कडधान्याची रस्सा भाजी), अंडे किंवा मासे घ्यावेत. कडधान्यांतही कर्बोदके असतात, पण त्यांतील तंतू आणि प्रथिनांमुळे साखर सावकाश वाढते. आधी काकडी-टोमॅटो, मग तोणाक आणि शेवटी पाव, या क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालल्यानेही फरक पडतो.

आपल्याला कोणता पाव मानवतो, हे ग्लुकोमीटर (रक्तातील साखर मोजण्याचे घरगुती यंत्र) सर्वांत चांगले सांगतो. न्याहारीपूर्वी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त तपासावे. बहुतेक प्रौढांसाठी हे आकडे अनुक्रमे ८० ते १३० आणि १८० पेक्षा कमी (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) असावेत, परंतु वृद्धांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी मर्यादा वेगळ्या असतात. दोन-तीन दिवस उंडा आणि पुढचे दोन-तीन दिवस तेवढ्याच वजनाची पोई खाऊन नोंदी ताडून पाहाव्यात; सोबतची भाजी मात्र तीच ठेवावी, नाहीतर वाढ कशामुळे झाली ते कळणार नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता पाव एकदम बंद करू नये, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. थरथर किंवा घाम येऊन आकडा ७० च्या खाली गेल्यास पाव उपयोगाचा नाही, तो पचायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.