नोकरी सोलापुरात, बिऱ्हाड मोहोळला: कसं जमवायचं

ऑफिसात नवीन लागलेली पोरं-पोरी मला विचारतात, "ताई, मोहोळला खोली बघू का?" मी म्हणते, बघा, जरूर बघा, पण रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला मोहोळ स्टँडवर उभं राहा, गर्दी बघा आणि तिथून घरापर्यंत चालत जा. सोलापूर साधारण 35 किलोमीटर, म्हणजे पाऊण-एक तास बसमध्ये जाणारच. त्यात स्टँड गाठायलाच अर्धा तास लागणार असेल तर भाडं कितीही कमी असो, ते घर सोडा.

हायवेला लागून खोली नको, रात्रभर ट्रक चालू असतात. दोन गल्ल्या आत गेलात की रात्री नऊनंतर कुत्र्यांशिवाय कुणाचा आवाज नाही. भाडं ठरवायच्या आधी पाण्याचं विचारून घ्या: नळ कोणत्या दिवशी येतो, किती वाजता येतो आणि घरमालकाची बोअर मे महिन्यात चालते का. नळ तुम्ही ऑफिसात असतानाच येणार, हे धरून चाला. माझी एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. "तू जा गं, बस चुकंल. पाणी आलं की मी लावते पाइप," असं त्या दारातूनच सांगतात. त्यांची बीपीची गोळी, नातवाची वही, ब्लाउजपीस, जे लागेल ते मी सोलापुरातून आणते. दिवसभर बाहेर राहणाऱ्या माणसानं असं एक घर पहिल्या महिन्यातच जोडावं.

आता एसटीचा हिशेब, कारण यात पुष्कळांचे पैसे उगाच जातात. मासिक पासला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिक पासला 50 दिवसांचं भरून 90 दिवस. पाच दिवसांचा आठवडा असेल तर महिन्यात जेमतेम 20-22 दिवस जाणं होतं. एक-दोन सुट्ट्या आल्या की मासिक पासात काही उरत नाही. अशा पुरुषांनी त्रैमासिकच काढावा. सहा दिवस जाणाऱ्याला मासिकही परवडतो. बायकांना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. महिन्याला 24 दिवस गेलात तरी 12 दिवसांच्या पूर्ण भाड्यात भागतं, म्हणून मी पास काढत नाही. ओळखपत्र मात्र रोज जवळ ठेवते.

बसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची सीट धरा. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा ऊन दाराच्या बाजूनं येतं. एप्रिलमध्ये या एका गोष्टीनं डोकं शांत राहतं. चिंचोळी एमआयडीसीत किंवा केगावला विद्यापीठात उतरायचं असेल तर चढण्याआधी कंडक्टरला विचारा. विनाथांबा गाडी तिथं थांबत नाही. मोहोळला रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्यांच्या वेळा ऑफिसच्या वेळांशी जुळतातच असं नाही. दुचाकीला टोल नाही, तरी त्या हायवेवर रोज दुचाकीनं जाऊ नका, असंच मी सांगेन. संध्याकाळच्या अंधारात उलट्या बाजूनं येणारी वाहनं फार.

भाजी सोलापुरातून आणू नका. उतरल्यावर दहा मिनिटं मोहोळच्या बाजारात घालवा. मेथीची जुडी निवडताना भाजीवाली मावशी विचारते, "आज उशीर झाला व्हय?" परक्या गावात अशी चौकशी करणारं माणूस असणं मला फार मोलाचं वाटतं. सोलापुरातून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणून ठेवा, दोन्ही टिकतात. उशिरा आलेल्या दिवशी त्यावर दही घेतलं की जेवण झालं. पाहुणे येणार असतील तर लांबोटीचा मक्याचा चिवडा न्या.

नाटक, मोठा डॉक्टर, लग्नाचा बस्ता हे सगळं सोलापुरातच, आणि शक्यतो शनिवारी उरका. रोजच्या संध्याकाळी तिथं रेंगाळायची सवय लागली तर मोहोळला नुसतं झोपायला याल, मग हे सगळं कशासाठी?

दोन वेळा कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. मिरवणुकीमुळे सोलापुरात रस्ते वळवतात आणि परतीच्या गाड्या भरून येतात, तेव्हा तासभर आधी निघायची परवानगी घेऊन ठेवा. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरच्या गाड्यांत वारकऱ्यांची गर्दी असते आणि कितीतरी बस पंढरपूरकडे वळवलेल्या असतात. त्या आठवड्यात कुणाच्या तरी गाडीत पेट्रोलचे पैसे वाटून जायचं ठरवा, आणि ते ज्येष्ठातच ठरवा. नंतर जागा उरत नाही.