कल्चर रिपोर्टमधील ‘आर’ कसा वाचावा

कल्चर-सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये, म्हणजे नमुन्यात वाढलेल्या जिवाणूवर कोणती प्रतिजैविके चालतील हे सांगणाऱ्या अहवालात, औषधांच्या नावांपुढे ‘एस’ (औषध चालेल), ‘आय’ (याचा अर्थ पुढे येईल) किंवा ‘आर’ (औषध चालणार नाही) ही अक्षरे असतात. ‘आर’ दिसला की आपल्या शरीराला ते औषध लागू पडेनासे झाले, असे बहुतेकांना वाटते. हा गैरसमज आधी दूर करावा. औषधाला दाद न देण्याची क्षमता जिवाणूने कमावलेली असते, शरीराने नव्हे.

वाचायला सुरुवात नमुन्यापासून करावी. तो प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी दिला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगावे, कारण डोसनंतरच्या नमुन्यात जिवाणू वाढतीलच असे नाही. लघवीत अनेक प्रकारचे जिवाणू मिसळून वाढले असतील, तर बहुधा नमुना घेतानाच ते बाहेरून आलेले असतात. अशा वेळी नमुना पुन्हा देणे बरे.

ही अक्षरे ठरवण्याची एक पद्धत डोळ्यांनी पाहता येण्याजोगी आहे. ४ मिलिमीटर जाडीच्या अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर) जिवाणू पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात आणि ताटली सुमारे ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवतात. औषध जिथे पुरेसे पडते तिथे जिवाणू वाढत नाहीत आणि चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या गतीने पसरत असल्याने मोठे वर्तुळ म्हणजे अधिक चांगले औषध, असे मुळीच नाही. ‘एमआयसी’च्या, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाच्या, आकड्यांचेही तेच: दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. ‘आय’चा अर्थ मात्र प्रयोगशाळा कोणते निकष पाळते यावर ठरतो, २०१९पासून युरोपीय निकषांत त्याचा अर्थ ‘औषधाची मात्रा वाढवल्यास उपयोगी’ असा आहे.

आता ‘आर’ कुठे कुठे आहेत ते एकत्र पाहावे, कारण त्या मांडणीतून जिवाणूने काय केले याचा माग लागतो. ई. कोलायने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधांना दाद दिली नाही, तर तो बहुधा ती औषधे तोडणारे एन्झाइम बनवत असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियसपुढे सेफॉक्सिटिनला ‘आर’ असेल, तर औषध जिथे चिकटते ते प्रथिनच सहसा बदललेले असते आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधे बाद होतात. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक औषधांपुढे ‘आर’ असतील, तर अनेक जनुके एकाच प्लाझ्मिडवरून, म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या कड्यावरून, एकदम आलेली असू शकतात.

सर्वांत बोलके उदाहरण क्लिंडामायसिनचे आहे. स्टॅफिलोकोकसच्या ताटलीवर त्याची चकती एरिथ्रोमायसिनच्या चकतीजवळ ठेवली असता कधीकधी त्याचे वर्तुळ त्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसते. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागताच जिवाणूने झोपलेले जनुक जागे करून आपला रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र, बदललेला असतो. एकटे तपासले असते तर क्लिंडामायसिनपुढे ‘एस’ आला असता, पण ही चपटी कड दिसल्यावर तिथे ‘आर’ लिहावा लागतो.

‘एस’ पाहून स्वतः औषध निवडू नये. त्रास नसताना लघवीत जिवाणू सापडले तर गर्भारपणासारखे अपवाद वगळता सहसा उपचारच लागत नाहीत. जुने रिपोर्ट मात्र जपून ठेवावेत आणि नव्या आजारात दाखवावेत. औषधाला दाद न देणारे जिवाणू आतड्यात कित्येक महिने टिकू शकतात आणि नवा रिपोर्ट येईपर्यंत पहिले औषध निवडताना डॉक्टरांना जुन्या रिपोर्टचाच आधार असतो.